नेमिनाथ आणि नळाचा फ्रीज

फ्रीजच्या पत्र्याखाली गॅसच्या नळ्या असतात, हे मला ड्रिल आत गेल्यावर कळलं. आधी पत्रा कर्रकर्रला, मग ड्रिल एकदम सैल झालं, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि तेवढ्यात 'फुस्स्स्' सुरू झालं. ते काही थांबेना. म्हणून मी भोकावर बोट ठेवलं. फुसफुस थांबली, पण आता बोट काढायची सोय राहिली नाही.

"काय झालं?" आतून आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे प्रियदर्शनीचा आवाज.

"काही नाही. भोक पडलं."

"पडलं की पाडलं?"

चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला घरात असे व्याकरणाचे प्रश्न विचारले जातात. मी बोट काढलं. फ्रीजनं उरलासुरला श्वास सोडला आणि तो गप्प झाला.

आता हे भोक कशासाठी, ते सांगतो. नवा दोन दारांचा फ्रीज आल्यापासून जुना मागच्या गॅलरीत पडून होता. त्यात रिकाम्या बरण्या आणि प्रियदर्शनीच्या माहेरचं गव्हाचं पीठ राहायचं. अशात मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. कुणा परदेशी गृहस्थानं घरच्या फ्रीजच्या दाराला पितळी नळ बसवला होता. आत स्टीलची टाकी, टाकीत घरी केलेली बिअर, बाहेर सोड्याच्या गॅसचा छोटा सिलिंडर. नळ ओढला की फेसाळता ग्लास. गृहस्थ इतका सुखी दिसत होता की मी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला.

खरी बिअर घरात करायची तर परवाना लागतो, आणि अर्धं कोल्हापूर ज्याला 'सर' म्हणतं त्यानं दारूबंदी खात्याच्या पायऱ्या चढणं बरं दिसत नाही. म्हणून मी आल्याची बिअर ठरवली. आलं, लिंबू, आपला कोल्हापुरी गूळ आणि थोडं यीस्ट. बिअर नावालाच, पण फेस खराखुरा. टाकी, सिलिंडर आणि नळ पुण्याहून मागवले. दाराला नळाचं भोक पाडलं, ते छान झालं. त्या यशानं डोकं फिरलं आणि सिलिंडरची नळी आत घ्यायला बाजूला दुसरं पाडलं.

यातून वाचवणारा माणूस एकच होता. नेमिनाथ मगदूम.

नेमिनाथ शाळेपासूनचा माझा मित्र. राहतो गडमुडशिंगीला, आणि राजारामपुरीत दोन कोचिंग क्लासच्या मधे त्याचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. क्लासची पोरं त्याच्या दारात उभ्या केलेल्या मेल्या फ्रीजवर वह्या ठेवून चहा पितात, आणि तो आत बसून त्यांच्यावर ओरडतो. त्याला फोन करणं हा एक सोसण्याचा प्रकार आहे. तो फोन उचलतो आणि "थांब" म्हणतो. मग आपल्याला पाच-सात मिनिटं हातोडी, वेल्डिंगची फरफर आणि कुणाला तरी दिलेल्या शिव्या ऐकू येतात, आणि फोन बंद होतो. आपलं बोलणं झालं, असा त्याचा समज असतो.

असे चार फोन झाल्यावर मी स्वतः जाऊन त्याला घेऊन आलो. स्कूटर त्याचा मुलगा अभिनंदन चालवत होता, कारण अलीकडं बापाला गाडी चालवू देत नाहीत.

गावात म्हैस बघायला गेलेला जाणता माणूस आधी लांबनं एक फेरी मारतो, तशी नेमिनाथनं फ्रीजभोवती फेरी मारली. मग खाली वाकला.

"ह्ये भोक कुणी पाडलं?"

"मी."

"शुद्धीत हुतास?"

"म्हणजे काय? होतोच की."

"मग तर लईच वाईट." त्यानं मागची चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. "अरं सयाजी, ह्यातला गॅस पेट घेतोय! एक ठिणगी उडाली असती तर गॅलरीसकट अंबाबाईच्या दर्शनाला पोचला असतास. आयुष्यभर पोरांना ज्वालामुखी शिकवलास न्हवं?"

"फळ्यावर शिकवला. फ्रीजमध्ये नाही."

"लाज न्हाई वाटत, वर तोंड करून बोलतोय."

अभिनंदन मात्र मजेत होता. भोकात मोबाईलचा उजेड मारून त्यानं बघितलं आणि मला म्हणाला, "काका, हा गेला. नळी पत्र्याच्या आत चिकटवलेली असते. ही काढता येत नाही, जोडता येत नाही. भंगारात घाला." मग बापाकडं बघून, "अप्पा, हात लावू नका. लावलात तर आपलं ठरलेलं लक्षात आहे ना?"

"काय ठरलंय?" मी विचारलं.

नसतं विचारलं तर बरं झालं असतं. अभिनंदनला दुकानाच्या जागेत अभ्यासिका काढायची होती. एसी, चाळीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला चार्जिंग. दोन वर्षं तो बापाच्या मागं लागला होता. शेवटी गेल्या दसऱ्याला जेवताना नेमिनाथ चिडून बोलून गेला, "माझ्या हातनं उघडलेला एक जरी फ्रीज गार न होता ऱ्हायला, तर दुकानाची किल्ली तुझी." एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. कुठला फ्रीज उघडायचा नाही हे त्याला न उघडता कळायचं, हे त्यातलं गुपित.

"म्हणजे काका," अभिनंदन हसत म्हणाला, "चाळीस पोरं तुमचं नाव काढणार."

मी नेमिनाथचा हात धरायला पुढं झालो. "नेमा, राहू दे. भंगारात घालतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं, पिशवीतनं पाना काढला आणि मागचा पहिला स्क्रू सोडवला.

झालं. फ्रीज उघडला.

तिथून पुढं त्याच्या अंगात काम संचारलं. आतली नळी कायमची तोडून टाकायची आणि मागं बाहेरून नवी जाळी बसवायची, असा त्याचा बेत. पूर्वीच्या फ्रीजना मागं काळी जाळी असायची, तसली. ती दुकानात एका मेल्या फ्रीजवर तयार होती. सगळी मापं घेऊन झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडं गेलं.

"ह्यो नळ कशाला?"

आता इथं माझ्या हातून जी चूक झाली, ती कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाकडून होऊ नये. 'बिअर' हा शब्द मी आठवडाभर जिभेखाली दाबून ठेवला होता. नेमिनाथ पक्का जैन. बारा वर्षांपूर्वी बाहुबलीच्या डोंगरावर महाराजांपुढं नियम घेतलेला माणूस. सूर्य बुडायच्या आत जेवतो, पाणी गाळून उकळून पितो, आणि बारवाल्यांचे फ्रीज दुरुस्त करत नाही. तेव्हा मी अगदी निष्पाप चेहऱ्यानं म्हणालो,

"सरबत रे. आल्याचं सरबत."

नेमिनाथनं पाना खाली ठेवला. फडक्यानं एकेक बोट पुसलं.

"आलं?"

"हो, आलं. पोटाला चांगलं."

"जमिनीखालचं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कांदा, लसूण, बटाटा, रताळं, मुळा, गाजर. चाळीस वर्षं याच्याबरोबर सहलीला जाऊन मला ही यादी पाठ होती. त्यात आलंही असतं, हे नेमकं त्या क्षणी विसरलो होतो.

"अरे, पण तुला कुठं प्यायचंय?" मी म्हणालो. "आणि लोकांच्या फ्रीजमध्ये मटण असतं ते? ते चालतं?"

"मी फ्रीज गार करतोय. आत काय ठेवायचं ते घरवाल्यानं बघायचं. पर ह्यो नळ दुसऱ्या कशाचा न्हाई, आल्याचाच हाय. आपण करायचं न्हाई, दुसऱ्याकडनं करवून घ्यायचं न्हाई, करणाऱ्याला बरं म्हणायचं न्हाई. तिन्हीत बसतोय ह्यो नळ."

"नेमा, ऐक तरी..."

"आणि त्या टाकीवर बिअर लिवलंय. मला इंग्रजी वाचता येतंय."

पिशवी उचलून तो जिना उतरला. मागं फ्रीज उघडा, पाठीचा पत्रा भिंतीला टेकलेला, स्क्रू बशीत.

प्रियदर्शनीनं ते सगळं स्वयंपाकघरातनं ऐकलं होतं. "अहो, जन्म कोल्हापुरात गेला आणि जैनाला आलं सांगितलंत?" ती म्हणाली. "त्यापेक्षा बिअर तरी म्हणायचं. निदान खोटं तरी बोलावं लागलं नसतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर गेलो. बघतो तर अभिनंदन टेप घेऊन भिंतीची मापं घेतोय.

"या काका. ह्या भिंतीला दहा खुर्च्या बसतात."

नेमिनाथ कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. पुढ्यात ती काळी जाळी, घासून लख्ख केलेली. म्हणजे रात्रभरात नियमही मोडला नव्हता आणि फ्रीजही सोडवत नव्हता. एका बाजूला महाराजांना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला पोराला दिलेला, आणि दोन्हीच्या मधे माझं भोक.

"नेमा," मी म्हणालो, "नळ काढून टाकतो. तू नुसता फ्रीज गार करून दे."

"आणि मी गेल्यावर परत बसवशील."

खरं होतं, बसवलाच असता. शाळेपासूनच्या मैत्रीत हा तोटा असतो.

"फेस कशानं येतोय त्या सरबताला?" त्यानं अचानक विचारलं.

"यीस्टनं."

"ते काय असतंय?"

"बारीक जीव असतात. गूळ खातात आणि वायू सोडतात."

"जित्तं असत्यात?"

"असतात."

"किती?"

मास्तरकीची सवय वाईट. "असतील की काही कोटी," मी म्हणालो.

नेमिनाथनं डोळे मिटले. अभिनंदनच्या हातातला टेप सर्रकन परत आत गेला. मग नेमिनाथ हळूहळू म्हणाला, "म्हंजी ते कोटभर जीव गूळ खाऊन गॅस सोडणार, आणि शेजारी तू गॅसचा सिलिंडर ठेवणार. आरं, सिलिंडरमधी गॅस हाय, तर ते जीव कशाला पायजेत?"

मी डोकं खाजवायला लागलो.

"पाण्यात गॅस दाबून भरायचा. गॅस भरायचं काम माझं. आणि आलं न्हाई. सुंठ घाल."

"सुंठ? अरे, सुंठ म्हणजे आलंच की!"

"वाळलंय ते. त्यात कायबी ऱ्हायलं न्हाई."

"पण आलं तर आलंच..."

"सयाजी, महाराजांनी सुंठेला व्हय म्हटलंय. तू कोण?"

अशा रीतीनं माझ्या घरच्या बिअरमधून आधी दारू गेली होती, मग यीस्ट गेलं, मग आलं गेलं. उरला सुंठेचा सोडा. परदेशी गृहस्थाच्या त्या सुखी चेहऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले आणि हो म्हणालो.

दुपारी बाराला नेमिनाथ आला तो स्वतःचा डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन. आमच्या घरचा चहासुद्धा घेत नाही, कारण किटलीत कधी काय शिजलं असेल याचा त्याला भरवसा नाही. मला त्यानं एकच काम दिलं. "लांब बस."

काम बघण्यासारखं होतं, पण बघू देईल तर शपथ. मान पुढं केली की "उजेड सोड" आणि मागं सरकलो की "कुठं गेलास, पाना दे." टाकी आत बसेना, कारण वर बर्फाचा कप्पा. तो कप्पा खाली, मागच्या भिंतीलगत वाकवायचा होता आणि त्याच्या पत्र्यातूनच गार करणारी नळी फिरते. ती चिरली की संपलं. नेमिनाथनं गरम पाण्याची फडकी पत्र्यावर धरली, आणि पाऊण तास, नखभर नखभर, तो पत्रा वाकवला. एकदा 'कट्' असा आवाज आला. नेमिनाथ तसाच थांबला, कान लावला आणि म्हणाला, "प्लॅस्टिक हाय." मग माझ्याकडं वळून ओरडला, "श्वास घे की!"

जाळी बसली. जोड ज्योतीनं झाळून पक्के झाले. सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतोय का बघितलं. एकही आला नाही. दुपारी तीनला गॅस भरला आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर घुरघुरला.

"आता दोन तासानं बघायचं," नेमिनाथ म्हणाला आणि गॅलरीच्या टोकाला, फ्रीजकडं पाठ करून, बायकोला, अरुणावहिनींना फोन लावून बसला. श्रावण चालू होता. सूर्य कधी बुडणार, जेवण कुठं घ्यायचं, ही त्या घरातली रोजची मोठी चर्चा.

चार वाजता अभिनंदन आला. खिशात डिजिटल थर्मामीटर. दार उघडून त्यानं आत ठेवला, जरा वेळानं बघितला. "एकोणीस."

साडेचारला अठरा.

पावणेपाचला परत एकोणीस.

नेमिनाथचा चेहरा मी पहिल्यांदा असा बघितला. शाळेत गणितात नापास झाला तेव्हाही नव्हता. त्यानं जाळीला हात लावला, ती गरम होती. कॉम्प्रेसरला हात लावला, तो बरोबर चालत होता. परत साबण लावला, बुडबुडा नाही. "असं व्हायला नगं," एवढंच पुटपुटला. अभिनंदनही हसायचं थांबला होता. "अप्पा, राहू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "फ्रीजच असला आहे. हा धरायचा नाही, मग तर झालं?"

"धरायचा," नेमिनाथ म्हणाला. "शब्द शब्द असतोय."

मला राहवेना. मी उठलो आणि दार उघडून आत हात घातला.

"काय करतोयस?"

"गार लागतंय का बघतोय."

"आत्ताच?"

"नाही, मघापासून. दर पाच मिनिटांनी बघतोय. मला वाटलं..."

तोवर नेमिनाथ उभा राहिला होता. त्या दोन मिनिटांत तो मला जे बोलला ते श्रावणात जैन माणसानं बोलू नये असं होतं, आणि नंतर बहुधा त्याला त्याचंही प्रायश्चित्त घ्यावं लागलं असेल. मग त्यानं स्टूल ओढलं, फ्रीजच्या दाराला पाठ लावली आणि बसला. पितळी नळ त्याच्या कानाला टेकला होता. मांडीवर डबा उघडून त्यानं तिथंच ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ खाल्ली. सूर्य मावळायला वेळ होता, पण हा काही उठणार नव्हता. मी पाणी घ्यायला हललो तरी तो डोळे वटारायचा. अभिनंदन जिन्याच्या पायरीवर बसून मोबाईल बघत होता, पण पडदा काळा होता.

सव्वासहाला नेमिनाथ उठला. "बघ आता. तू न्हाई सयाजी, पोरानं बघायचं."

अभिनंदननं दार उघडलं. थर्मामीटर हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"तीन."

"तीन काय?"

"तीन डिग्री, अप्पा. दोन पॉईंट नऊ."

नेमिनाथनं फक्त फडक्यानं ती काळी जाळी एकदा पुसली, जिच्यावर धूळ नव्हती. अभिनंदननं खिशातला टेप काढला, प्रियदर्शनीकाकूंच्या हातात दिला आणि म्हणाला, "ठेवा घरात. उपयोगी पडंल." प्रियदर्शनीनं नेमका तोच क्षण साधून पिठाचा डबा परत फ्रीजमध्ये ठेवायचा प्रयत्न केला. त्यावरून आमचं जे झालं ते इथं सांगण्याची गरज नाही.

रविवारी टाकीत सुंठ, लिंबू आणि गुळाचं गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी भरलं. गॅस नेमिनाथनं स्वतः दाबला. माझे जुने सहकारी मास्तर आले, ओठांवर जीभ फिरवत बसले. त्यांना बिअर सांगितली होती. नळ पहिल्यांदा मी ओढला. सगळा फेसच आला. दुसरा ग्लास बरा निघाला. जगतापसर म्हणाले, "सोडाच आहे की हा." पण तीन ग्लास प्यायले. नेमिनाथनं स्वतःचा स्टीलचा पेला आणला होता. सूर्य वर होता, सुंठ वाळलेली होती, जीव एकही नव्हता. त्यानं एक घोट घेतला, जरा थांबला, आणि पेला पुढं केला. आणखी.

त्या दिवसापासून त्याच्या दुकानाला नवंच वळण लागलं. मास्तर लोकांनी बोभाटा केला, आणि आता कोल्हापुरातले चार सोडावाले, दोन रसवंत्या आणि नृसिंहवाडीचे एक मंगल कार्यालयवाले आपापले जुने फ्रीज घेऊन नळ बसवायला त्याच्या दारात उभे आहेत. क्लासच्या पोरांना चहाचा ग्लास ठेवायला जागा उरलेली नाही. अभिनंदन 'नळाचा फ्रीज' अशा पाट्या रंगवतोय. परवा दुकानात गेलो, तर मला बसायलासुद्धा रिकामा फ्रीज मिळाला नाही. उभ्या उभ्याच मी जरा मोठेपणानं म्हणालो, "बघ नेमा, शेवटी माझ्या फ्रीजनंच तुझं दुकान वाचवलं."

त्यानं जोड झाळायचं थांबवलं नाही, मान वर केली नाही.

"बुडवाय बी तूच आलतास की."